शर्यतीतलं इंजिन, रणगाड्यातलं इंजिन

गेले तीन-चार वीकांत मी एका जुन्या ब्रिटिश रणगाड्याच्या बॉनेटखाली डोकं खुपसून बसलोय. म्हणजे कागदोपत्रीच हो, खऱ्या रणगाड्याला हात लावायला मला कोण देणार? रणगाडा म्हणजे व्हिकर्सचा लाइट टँक मार्क सहा, त्यातही 'बी' प्रकार. वजन जेमतेम सव्वापाच टन, आत तिघंजण, टरेटमध्ये दोन मशिनगन, चिलखत जिथे जास्तीत जास्त जाड तिथे १४ मिलीमीटर. तोफ नाहीच. शाळेत वापरायच्या पट्टीवर १४ मिलीमीटर बघा म्हणजे अंदाज येईल.

दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकात या गड्याला साधारण एक वाक्य मिळतं. पातळ चिलखत, तोफ नाही, १९४० साली फ्रान्समध्ये वाताहत. संपलं. पुढच्या वाक्यापासून पँझर सुरू. मीही इतकी वर्षं असंच समजत होतो की ही ब्रिटिशांची एक घोडचूक होती आणि ज्याने ती डिझाइन केली त्याला काही कळत नव्हतं. मग एका रात्री तपशीलाचा तक्ता वाचता वाचता एका ओळीवर अडकलो: 'इंजिन – मेडोज, सहा सिलिंडर, पेट्रोल, ८८ अश्वशक्ती'.

मेडोज हे नाव मी आधी कुठेतरी वाचलं होतं. रणगाड्यांच्या संदर्भात नव्हे, गाड्यांच्या. आठवायला दहा मिनिटं लागली. १९३५ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत! त्या वर्षी जिंकलेली गाडी होती लॅगोंडा एम ४५ आर, चालक जॉनी हिंडमार्श आणि लुइस फॉन्टेस, आणि बॉनेटखाली होतं मेडोजचं साडेचार लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन. त्या शर्यतीची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे (शेवटी शेवटी गाडीचं ऑइल प्रेशर पडलं होतं, अल्फा रोमिओवाल्यांना वाटलं आपणच पुढे आहोत आणि ते निवांत झाले, आणि जिंकणारी लॅगोंडा कंपनी तेव्हा दिवाळखोरीत होती). पण आपल्या कामाचा मुद्दा असा की लॅगोंडातलं इंजिन आणि लाइट टँकमधलं इंजिन एकाच घराण्यातलं आहे. हेन्री मेडोज ही वुल्व्हरहॅम्प्टनची कंपनी, १९२० ची. आधी गिअरबॉक्स करायची, मग इंजिनं. ज्या छोट्या मोटार कंपन्यांना स्वतःचं इंजिन पाडायची ऐपत नव्हती त्या मेडोजकडून इंजिन विकत घ्यायच्या. लॅगोंडा, इनव्हिक्टा, फ्रेझर नॅश, ली-फ्रान्सिस, सगळे गिऱ्हाईक. आणि त्याच रांगेत एक गिऱ्हाईक रणगाडा करणारं.

हे कळल्यावर मला झोप येईना. म्हटलं, या डब्यातला एकेक भाग कुठून आला ते बघू या.

सुरुवात इंजिनापासूनच. लॅगोंडातल्या मेडोजचा बोर ८८.५ मिलीमीटर आणि स्ट्रोक १२०.६४. गुणाकार करून पाहिला, ४४५३ सीसी. आता ज्यांनी मेकॅनिकल केलंय (आणि माझ्यासारखे नंतर आयटीत येऊन पडलेत) त्यांच्या लगेच लक्षात येईल की हे इंजिन फार उंच आणि सडपातळ आहे. बोर लहान, स्ट्रोक लांब. ३००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर होतो, म्हणजे याहून फार जास्त पळवायला त्या काळच्या धातूच्या मानाने वावच नाही. मग कोणी शहाणा माणूस असं इंजिन का काढेल?

उत्तर आहे टॅक्स. ब्रिटनमध्ये १९२१ पासून गाडीवरचा वार्षिक कर 'अश्वशक्ती'वर होता, दर अश्वशक्तीला एक पौंड. पण ही अश्वशक्ती मोजलेली नव्हे, सूत्रातून काढलेली. बोरचा इंचातला वर्ग गुणिले सिलिंडरची संख्या भागिले अडीच. झालं. स्ट्रोक या सूत्रात कुठेच नाही! मेडोजसाठी करून बघा: ८८.५ मिलीमीटर म्हणजे ३.४८ इंच, वर्ग १२.१, गुणिले सहा, भागिले अडीच, उत्तर २९ च्या आसपास. खरी ताकद शंभराच्या वर, कर भरायचा २९ चा. सूत्रातली पळवाट सगळ्यांनाच सापडली आणि इंग्लंडातली इंजिनं तीस वर्षं उंच आणि बारीक होत गेली. १९३५ मध्ये दर पौंडावरून पंधरा शिलिंगवर आला, पण तोवर साचे पडून गेलेले होते.

रणगाड्याला रोड टॅक्स कोण लावणार? पण टाकलेलं इंजिन तेच, कारण कारखान्यात तेच ओतलं जात होतं. एखाद्या जुन्या सिस्टिममध्ये तारीख सहा अंकी का साठवलीय विचारलं तर उत्तर येतं, 'वीस वर्षांपूर्वी डिस्क महाग होती म्हणून'. तसलाच प्रकार.

इथे एक गैरसमज खोडून काढतो. लांब स्ट्रोकमुळे टॉर्क जास्त मिळतो, म्हणून रणगाड्याला ते इंजिन बरं, असं सर्रास म्हटलं जातं. टॉर्क मुख्यतः किती सीसी आहे आणि सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो यावर असतो, स्ट्रोकवर नाही. बोर बारीक म्हणून व्हॉल्व्ह लहान, व्हॉल्व्ह लहान म्हणून इंजिन वरच्या आरपीएमला गुदमरतं, आणि म्हणून ते खालच्या आरपीएमलाच चांगलं चालेल असं बांधतात. परिणाम तोच, कारण वेगळं. साडेचार लिटरमधून ८८ अश्वशक्ती म्हणजे आज आपल्याला हसू येईल, स्विफ्टचं सव्वा लिटरचं इंजिन साधारण तेवढीच देतं. पण तेव्हाचं पेट्रोल हलकं, कॉम्प्रेशन कमी, आणि रणगाड्याच्या इंजिनाकडून शर्यतीची नव्हे, दिवसभर धुळीत न कुरकुरता राबण्याची अपेक्षा.

आणि सव्वापाच टनाला ८८ म्हणजे टनामागे १७ अश्वशक्ती. तुलनेला त्याच सैन्याचा मटिल्डा दोन घ्या. २७ टन वजन आणि आत एईसीची दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी ८७ अश्वशक्तीची. एईसी म्हणजे लंडनच्या बस बनवणारी कंपनी, इंजिनंही बसचीच. टनामागे साडेसहा. मटिल्डा ताशी २४ किलोमीटर चालायचा, आपला मार्क सहा रस्त्यावर ५६. मटिल्डा एकमध्ये तर फोर्डचं व्ही-८ मोटारीचं इंजिन होतं. क्रूझर ए-१३ मध्ये लिबर्टी, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं अमेरिकन विमानाचं इंजिन, नफील्डने पुन्हा बनवलेलं. १९४० च्या ब्रिटिश रणगाड्यांत खास रणगाड्यासाठी म्हणून जन्माला आलेलं इंजिन शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

याचं कारण पैसा. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने ठरवलं होतं की पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरून खर्च आखायचा. हा नियम १९३२ पर्यंत चालला, दर वर्षी ती 'दहा वर्षं' पुढे सरकत गेली. मधल्या काळात व्हिकर्सने सोळा टनी एक चांगला मध्यम रणगाडा करून दाखवला, तो महाग पडतो म्हणून बासनात गेला. आणि त्याच सुमारास सर जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड हे दोघं गॅरेजात ठोकाठोक करून एका माणसाचा, दोन माणसांचा असे टीचभर रणगाडे बनवत होते. त्यांच्या टँकेटमध्ये चक्क फोर्ड मॉडेल टीचं इंजिन. मॉडेल टी! जगातली सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त सुटे भाग मिळणारी गाडी. व्हिकर्सने १९२८ मध्ये या दोघांची कंपनीच विकत घेतली. पुढे पोलंड, इटली, रशिया सगळ्यांनी त्या टँकेटवरून आपापली पिल्लं काढली.

कार्डन हा माणूस मला फार आवडला. पदवीबिदवी नाही, हाताने शिकलेला, त्याआधी छोट्या सायकलकार बनवून विकायचा. वंशपरंपरेने बॅरोनेट, पण आयुष्यभर हात ग्रीसमध्ये. बाजारात जे मिळतं त्यातून काम भागवायचं हीच त्याची पद्धत. टँकेट मोठं होत होत लाइट टँक मार्क एक झाला, मग दोन, तीन, चार. मार्क दोनमध्ये रोल्स रॉइसचं ६६ अश्वशक्तीचं इंजिन होतं. मार्क चारच्या सुमारास मेडोज आलं आणि मग टिकलं. मार्क सहा सैन्यात यायच्या जेमतेम आधी, १० डिसेंबर १९३५ ला, बेल्जियमहून लंडनला येणारं प्रवासी विमान टॅट्सफील्डजवळ पडलं, त्यात कार्डन गेला.

आता गिअरबॉक्स. मार्क दोनपासून या मालिकेत विल्सनचा प्रिसिलेक्टर गिअरबॉक्स आला. वॉल्टर विल्सन म्हणजे १९१५-१६ मध्ये ट्रिटनबरोबर जगातला पहिला रणगाडा बनवणारा माणूस. त्याला एपिसायक्लिक गिअरचं वेड होतं. तुम्हाला थिअरी ऑफ मशिन्सचा तो तक्ता आठवतोय? सन गिअर, प्लॅनेट, रिंग, आर्म स्थिर धरा, एक फेरा द्या, मग सगळ्यांत वाय मिळवा... परीक्षेत दहा मार्कांचा हमखास प्रश्न. मी तो तक्ता पाठ करून पास झालो, कशासाठी असतो हे कुणी सांगितलंच नाही. यासाठी असतो! प्रत्येक गिअरला एक रिंग, रिंगभोवती ब्रेकचा पट्टा. ज्या गिअरचा पट्टा आवळाल तो गिअर लागला. दात एकमेकांत कायम अडकलेलेच असतात, त्यामुळे कर्रकर्र हा प्रकारच नाही.

प्रिसिलेक्टरची गंमत अशी की छोट्या दांडीने पुढचा गिअर आधीच 'निवडून' ठेवायचा, आणि हवा तेव्हा पेडल दाबून सोडायचं. त्या क्षणी गिअर बदलतो. चढ समोर दिसतोय, हात मोकळा आहे तोवर दुसरा निवडून ठेवा, चढ आला की फक्त पाय. त्या काळातल्या साध्या गिअरबॉक्सवर डबल क्लच मारता मारता ड्रायव्हरच्या नाकी नऊ यायचे, आणि शेतातून, खड्ड्यातून जाणाऱ्या पाच टनी वस्तूला गिअर चुकला की ती जागेवर उभी राहते. उभा राहिलेला रणगाडा म्हणजे निशाणा. म्हणजे ही चैन नव्हती. आणि हा गिअरबॉक्ससुद्धा खास रणगाड्यासाठी नव्हता बरं का, आर्मस्ट्राँग सिडलीच्या मोटारी आणि पुढे लंडनच्या बस याच तत्त्वावर चालल्या.

वळवण्याची यंत्रणा मात्र अगदीच साधी. दोन बाजूंना दोन क्लच, दोन ब्रेक, दोन लिव्हर. डावा लिव्हर ओढला की डाव्या पट्ट्याचा क्लच सुटतो, तो पट्टा मंदावतो, रणगाडा डावीकडे वळतो. आणखी ओढला तर ब्रेकही लागतो, वळण आणखी आवळ.

हे वाचताना मला एक शंका आली आणि ती मी मामाला फोन करून विचारली. मामाने वीस वर्षं धरणांच्या कामांवर डोझर चालवलाय.

"मामा, उतारावर असताना डावा लिव्हर थोडासा ओढला तर काय होतं?"

"उजवीकडे जातो की."

"उजवीकडे?"

"अरे, उतारावर लिव्हर उलटा लागतो. नवीन पोराला आम्ही पहिल्या दिवशी तेच सांगायचो. एवढं शिकून तुला कोणी सांगितलं नाही होय रे?"

नाही सांगितलं. पण विचार केला तर बरोबरच आहे. सपाटीवर इंजिन पट्ट्यांना ओढतं. उतारावर गिअरमध्ये असताना उलट, वजन ओढत असतं आणि इंजिन दोन्ही पट्ट्यांना मागे धरून ठेवतं. डावा क्लच सोडलात की डावा पट्टा इंजिनाच्या तावडीतून सुटतो आणि जोरात पळतो. डावी बाजू पुढे, म्हणजे रणगाडा उजवीकडे! घाबरून लिव्हर आणखी ओढलात की ब्रेक लागतो आणि तो एकदम डावीकडे फिरतो. म्हणजे एकाच लिव्हरची दोन उलटी कामं, आणि त्यातलं कुठलं होणार हे रस्त्याचा उतार ठरवणार. आमच्याकडे असं कोड कोणी लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये पास होणार नाही. मार्क सहाचा ड्रायव्हर पुढे डाव्या बाजूला बसायचा, उजव्या मांडीला चिकटून गरम इंजिन, समोर एक फट. त्या फटीतून उतार किती आहे ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे हात उलटा करायचा. घाटात. गोळ्या चालू असताना.

घाट म्हणालो ते उगाच नाही. हे लाइट टँक पहिल्यांदा लढाईत उतरले ते युरोपात नव्हे, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर. १९३५ च्या मोहमंद मोहिमेत पेशावरच्या उत्तरेकडच्या डोंगरांत ते वापरले गेले. त्या मोहिमेतले दोन ब्रिगेडियर म्हणजे ऑकिनलेक आणि अलेक्झांडर, दोघंही पुढे महायुद्धातले मोठे सेनापती. आणि नकाशा समोर ठेवून पाहिलं तेव्हा माझं मत बदललं. समोर कोण होते? टोळीवाले, हातात रायफल. रायफलच्या गोळीला १४ मिलीमीटर पोलाद पुरतं. रस्ते अरुंद, पूल लाकडी आणि कच्चे, वीस टनी रणगाडा त्यावरून जाणारच नाही. पाच टनी जाईल. लांब पल्ला हवा, मार्क सहाला दोनशे किलोमीटरच्या आसपास होता. सुटे भाग मोटारीचे, मेस्त्री मोटारीचे. त्या कामासाठी हे यंत्र उत्तम होतं. हिंदुस्थानसाठी त्याचा वेगळा 'इंडियन पॅटर्न'ही निघाला, त्यात टरेटवरचा उंच कपोला काढून छतात पेरिस्कोप बसवला होता. उंच कड्यावरून नेम धरणाऱ्यांसमोर डोकं वर काढायचं नाही, असा माझा आपला तर्क. १९३८ मध्ये आपल्या घोडदळातल्या पहिल्या दोन रेजिमेंटचे घोडे गेले आणि यंत्रं आली, सिंध हॉर्स आणि तेरावी लान्सर्स, तेव्हा त्यांच्या हाती हेच व्हिकर्सचे लाइट टँक आले.

चुकलं ते पुढे. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनकडे मार्क सहा होते हजारभर, आणि बाकी सगळे नवे रणगाडे मिळून दीडशेही नव्हते. का? कारण लाइट टँक स्वस्त, सगळे भाग बाजारातले, कारखान्यांना बनवायची सवय झालेली. मार्क सहा 'ए' मध्ये रेडिएटरवरच्या झडपेचे दोन तुकडे होते आणि कपोला पैलूदार होता. 'बी' मध्ये झडप एकाच तुकड्याची आणि कपोला साधा गोल. फरक एवढाच, उत्पादन भराभर व्हावं म्हणून. किती सुंदर काम आहे हे, एक पैलू काढून टाकायचा म्हणजे तेवढी मेहनत वाचते. फक्त ते सगळं चातुर्य चुकीच्या वस्तूवर खर्च होत होतं. जे पटकन बनतं तेच जास्त बनलं.

फ्रान्समध्ये गेलेल्या प्रत्येक घोडदळ रेजिमेंटला २८ लाइट टँक आणि ४४ कॅरियर मिळाले होते. काम होतं पुढे जाऊन पाहून यायचं. पण मे १९४० मध्ये जर्मन आत घुसल्यावर पाहून येण्यावर भागत नव्हतं, मधे उभं राहायला कोणीतरी हवं होतं, आणि उभं राहायला होते तेच. जर्मनांची साधी ३७ मिलीमीटरची रणगाडाविरोधी तोफ त्या चिलखतातून आरपार जायची, पँझर दोनची २० मिलीमीटरचीसुद्धा. आपल्या ड्रायव्हरच्या मांडीला खेटून पेट्रोलचं इंजिन. मला पुस्तकातलं ते एक वाक्य, 'वाताहत', आता पूर्वीसारखं पटकन वाचून पुढे जाता येत नाही. त्या फटीतून बघणारा मुलगा माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असणार.

डंकर्कनंतर जवळजवळ सगळे रणगाडे फ्रान्समध्येच राहिले. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. आल्फ्रेड बेकर नावाचा एक जर्मन तोफखाना अधिकारी होता, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने टाकून दिलेले मार्क सहा गोळा केले, टरेट उचलून फेकून दिले आणि मागच्या बाजूला १०.५ सेंटीमीटरची हॉवित्झर बसवली. मशिनगनीसाठी बनवलेल्या पाच टनी गाड्यावर पहिल्या महायुद्धातली अख्खी तोफ! आणि गाडा चालला. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, सगळं ब्रिटिश, जसंच्या तसं. यंत्रात खोट नव्हती याचं याहून चांगलं प्रमाणपत्र मला तरी सापडलं नाही, आणि तेही शत्रूने दिलेलं.

मेडोजने पुढे टेट्रार्क नावाच्या लाइट टँकसाठी बारा सिलिंडरचं आडवं इंजिन बनवलं, १६५ अश्वशक्तीचं. त्या टेट्रार्कला लिव्हर नव्हते, गाडीसारखं स्टिअरिंग होतं. फिरवलं की मोठी आठ चाकं वळायची आणि कलायची, आणि त्यांच्याबरोबर अख्खा लोखंडी पट्टाच धनुष्यासारखा वाकायचा. आवळ वळणाला मात्र पुन्हा ब्रेक. हे कागदावर पाहून मी अक्षरशः टाळी वाजवली. ६ जून १९४४ ला हे रणगाडे हॅमिल्कार ग्लायडरच्या पोटात बसून नॉर्मंडीत उतरले, आणि शेतात पडलेल्या पॅराशूटच्या दोऱ्या चाकांत गुंडाळल्या जाऊन बरेचसे तिथेच अडकून बसले. ज्या पॅराशूटवाल्यांच्या मदतीला आले त्यांच्याच दोऱ्या. असो.

परवा भारताच्या 'झोरावर' या नव्या लाइट टँकबद्दल वाचत होतो. पंचवीस टनी, लडाखसाठी, २०२४ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. त्यातही आधी जर्मन इंजिन ठरलं होतं, परवानगीला उशीर होतोय म्हटल्यावर अमेरिकन कमिन्स आलं. नव्वद वर्षांनीही इंजिनाचा प्रश्न 'सगळ्यात चांगलं कुठलं' असा नसून 'मिळतंय कुठलं' असाच आहे तर!

राहता राहिली चाकं. ती मुद्दाम शेवटी ठेवली. मार्क सहाच्या चाकांची स्प्रिंग सिडनी हॉर्स्टमन याच्या पद्धतीची. हा बाथ गावातल्या जर्मन वंशाच्या घड्याळजीचा मुलगा. दोन-दोन चाकांची जोडी, दोन्ही एकमेकांत स्प्रिंगने बांधलेली. एक चाक दगडावर चढलं की त्याचा धक्का स्प्रिंगमधून दुसऱ्याकडे जातो, गाड्याचं अंग कमी हलतं. सगळा कारभार बाहेरच्या बाजूला, बोल्ट काढा, मोडलेली जोडी फेका, नवी लावा. आतली जागा अजिबात खात नाही. छोट्या मार्क सहावर हा प्रकार खडबडीत जमिनीवर घोड्यासारखा उसळायचा, कारण गाडाच लांबीला आखूड. पण तत्त्व टिकलं आणि मोठं झालं, इतकं की पन्नास टनी सेंचुरियनखाली तेच गेलं.

सेंचुरियन म्हटल्यावर गाडी काढली आणि नगर गाठलं. (आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण लागायला वेळ लागेल.) तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, तेव्हा पॅटनच्या नळीला लोंबकळायचा प्रयत्न करून सरांचा मार खाल्ला होता. ब्रिटिशांच्या काळात रॉयल टँक कोअरचा तळ याच गावात होता. या वेळी पॅटनकडे न जाता सेंचुरियनपाशी गेलो. १९६५ मध्ये असल उत्तरला तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंचुरियन उसाच्या शेतांत दबा धरून पॅटनची वाट बघत होते, त्याच जातीचा. उकिडवा बसून पट्ट्याच्या आत डोकावलो. दोन चाकं, मधे आडव्या जाडजूड स्प्रिंगा, वर रंगाचे थरावर थर. बाहेरून बोल्टने लावलेलं.

शेजारी एक आजोबा नातवाला पॅटन दाखवत होते. ते माझ्याकडे बघून थांबले. म्हणाले, "काय पडलं का हो तुमचं?"

"नाही आजोबा, स्प्रिंग बघतोय."

"बरं," म्हणाले, आणि नातवाला घेऊन पुढे गेले.